सीटचं काय करायचं?

टूर कंपनीच्या फॉर्ममध्ये मी पहिल्यांदा अडले ती 'इनसीम'पाशी. पासपोर्ट नंबर, उंची, शाकाहारी की मांसाहारी, इथवर धडाधड भरत आले होते. इनसीम म्हणजे पायाची आतल्या बाजूची लांबी. त्यावरून सायकलची फ्रेम ठरते. मोजायची पद्धत अशी: अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये जाड पुस्तक धरून सीटवर बसल्यासारखं वर दाबायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप धरायची. मी लेकीचा शब्दकोश घेतला. नवरा टेप घेऊन खाली बसला आणि नेमक्या तेव्हाच शेजारच्या काकू अळूवड्यांचा डबा घेऊन उघड्या दारातून आत आल्या. चौऱ्याहत्तर सेंटीमीटर. हा आकडा आता माझ्या आणि काकूंच्या कायमचा लक्षात आहे.

सहल होती जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत, डॅन्यूबच्या काठाकाठाने. अंतर साधारण ३२० किलोमीटर, सायकलवर सहा दिवस. गाईड पुढे, एक माणूस शेवटी, सामान गाडीने पुढच्या हॉटेलात. रस्ता बहुतेक सपाट आणि नदी वाहते त्याच दिशेने जायचं. दोन तारखा होत्या. आम्ही गणपतीनंतरची घेतली, कारण गौरी-गणपती सोडून सायकल चालवायला जाते असं सासूबाईंना सांगायची माझी हिंमत नव्हती.

त्याच फॉर्ममध्ये पुढे विचारलं होतं, ब्रेक कुठला हवा, नेहमीचा की बॅकपेडलचा? तिकडच्या भाड्याच्या बऱ्याच सायकलींना पेडल उलटं फिरवलं की मागचा ब्रेक लागतो. आपल्याला उतारावर उगाच पेडल मागे फिरवत बसायची सवय. मी डोळे मिटून नेहमीचा लिहिला. नवऱ्याने ई-बाईक मागवली. युरोपात तिची मोटर ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मदत करते, पण त्याला तेवढं पुरेसं होतं. "बॅटरी असताना सराव कशाला?" असं म्हणून त्याने मे महिनाभर सायकलला हात लावला नाही.

मी मात्र सराव केला. वय ५३, राहायला बोरिवलीत, त्यामुळे नॅशनल पार्क हाकेच्या अंतरावर. गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर, शेवटी चढ. पहिल्या आठवड्यात चढावर उतरून सायकल ढकलली आणि वरून माकडं बघत बसली. तिसऱ्या आठवड्यात न उतरता वर पोचले. वाटलं, झालं, पाय तयार झाले.

गुडघा मात्र दुखू लागला. सायकलच्या दुकानदाराने त्याचं कारण लगेच पकडलं. "ताई, सीट किती खाली ठेवलीय तुम्ही!" मुंबईत सायकल चालवणारा प्रत्येक जण सीट खाली ठेवतो, कारण रिक्षा कधी समोर येऊन थांबेल सांगता येत नाही आणि दोन्ही पाय जमिनीला टेकलेले बरे वाटतात. त्याने सांगितलेला हिशेब सोपा: पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघा आपोआप जरासा वाकलेला राहतो. सीट चांगली चार बोटं वर गेली. दोन दिवस भीती वाटली, गुडघा मात्र गप्प झाला.

खरी परीक्षा जूनच्या शेवटी. सलग दोन दिवस चालवून बघायचं म्हणून आमच्या ग्रुपमधल्या चौघी शनिवारी पहाटे निघालो. हायवेने भाऊचा धक्का, तिथून रो-रोने, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या मोठ्या बोटीने मांडवा आणि पुढे वीसेक किलोमीटर अलिबाग. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, रो-रो चालू असते आणि सायकलीही घेते. भर पावसात, ओल्या रस्त्याने, गाणी म्हणत अलिबाग गाठलं. संध्याकाळी मासे खाऊन झोपलो. पाय अजिबात दुखत नव्हते.

रविवारी सकाळी सीटवर बसले आणि किंचाळले.

एका दिवसाला बूड काही बोलत नाही, दुसऱ्या दिवशी सगळा हिशेब मागतं. ओले कपडे, मांडीला घासून झालेली लाली आणि सीटवर मी मोठ्या हौसेने चढवलेलं गुबगुबीत जेलचं कव्हर. मांडव्यापर्यंत निम्मं अंतर उभ्यानेच चालवलं. मला कळेना, इतकी मऊ सीट आणि इतकं दुखणं कसं?

उत्तर पुन्हा दुकानातच मिळालं. आपण बसतो ते खाली असलेल्या दोन हाडांवर. जेल फार मऊ असलं की हाडं आत रुततात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. दुकानदाराने स्टुलावर पन्हळी पुठ्ठा ठेवला आणि "बसा" म्हणाला. उठले तर पुठ्ठ्यावर दोन खळगे. त्यांच्यातलं अंतर मोजून त्याने रुंद, पण बऱ्यापैकी कडक अशी सीट काढून दिली. त्याच्या बायकोने मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली, जी मला आधी कुणीच सांगितली नव्हती: पॅड लावलेल्या सायकलिंग शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नसतं. आतल्या कपड्याची शिवणच घासते. दोन महिने मी घालत होते! रोज रात्री शॉर्ट्स धुऊन वाळवायची आणि सकाळी घासतं तिथे क्रीम लावायचं, ही पुढची शिकवणी.

हे मी नवऱ्याला सांगितलं. "बॅटरी पाय फिरवून देईल, बसायला तुलाच लागणार आहे." तो जुलैपासून पार्कात येऊ लागला.

व्हिसाचं फार सांगत नाही, एक गोष्ट सोडून. आमचं विमान म्युनिकला उतरणार म्हणून एजंटच्या ऑफिसातल्या मुलाने जर्मनीचा फॉर्म भरून ठेवला. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाचा नियम वेगळा आहे: जिथे जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखे निघाले तरच आधी कुठे उतरता ते बघतात. आमची एक रात्र पासाऊत, बाकी सात ऑस्ट्रियात. लिंझ, मेल्क, क्रेम्स बोटांवर मोजून दाखवले तेव्हा कुठे फॉर्म बदलला, पण हातची अपॉइंटमेंट गेली आणि पुढची मिळायला तीन आठवडे गेले. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, हे तेव्हा समजलं. विम्यालाही किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. तेवढा तर सगळेच देतात, पण आमच्या पॉलिसीच्या बारीक अक्षरांत साहसी खेळ वगळलेले होते. सायकल त्यात धरता का, हे ई-मेलवर लेखी विचारलं. पहिलं उत्तर गोलमाल आलं, दुसऱ्यांदा विचारल्यावर सरळ.

शेवटची तयारी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. आपण उजवीकडे वळताना उजव्या खांद्यावरून मागे बघतो. तिकडे सगळं उलट, डावीकडे वळायचं तर डाव्या खांद्यावरून बघून डावा हात बाहेर काढायचा. ऐकायला सोपं आहे. मान डावीकडे वळली की माझी सायकलही डावीकडे जायची. रात्री दहानंतर सोसायटीच्या आवारात आम्ही दोघं उजव्या बाजूने चकरा मारू लागलो. गणपतीत मंडप लागला तेव्हा मंडपाभोवती. काही जणांना ती प्रदक्षिणा वाटली असावी. मोदकांच्या दिवसांत तेवढीच काय ती सायकल झाली.

बॅग भरताना प्रश्न उरला सीटचा. तिकडची सायकल फ्रेमच्या मापाची मिळणार, पण सीट जी असेल ती. कंपनीला विचारलं, स्वतःची आणली तर चालेल का? उत्तर आलं, पुष्कळ जण आणतात, गाईड बसवून देईल. मग काय, निघायच्या आदल्या रात्री खाली जाऊन सीट सोडवली, जुन्या टॉवेलात गुंडाळली आणि पाना तिच्यासोबत चेक-इनच्या बॅगेत टाकला.

पहाटे टॅक्सीत सामान चढवत होतो. वॉचमनकाका धावत आले, चेहरा पडलेला.

"वहिनी, तुम्हाला सांगायला कसंतरीच वाटतंय. रात्री माझा डोळा लागला आणि कुणीतरी तुमच्या सायकलची सीट चोरून नेली."