माळ्यावरचा रेडिओ थेट प्लगला लावू नका

दिवाळीच्या साफसफाईत इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घरांचे माळे रिकामे होतात आणि मर्फी, फिलिप्स, बुश, जीईसीचे व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचे) रेडिओ खाली उतरतात. उतरवला की लगेच प्लगला लावून बघायचा मोह होतो. तो आवरा. तीस-चाळीस वर्षं पडून राहिल्याने सेटचं जेवढं बिघडत नाही, तेवढं त्या पहिल्या पाच मिनिटांत बिघडतं.

याला कारणीभूत असतो करंगळीच्या पेरापेक्षा थोडा मोठा, मेणात बुडवलेला कागदी कंडेन्सर. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरून स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत (करंट आवरणाऱ्या जाळीपर्यंत) फक्त आवाज जाऊ द्यायचा आणि डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, अडवायचा, एवढंच त्याचं काम. पण दरवर्षीच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि डीसी झिरपू लागतो. ग्रिड पॉझिटिव्ह झाला की व्हॉल्व्ह भसाभस करंट ओढतो, आतली प्लेट लाल होते आणि व्हॉल्व्ह आणि स्पीकरमधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची केसासारखी बारीक तार जळते. व्हॉल्व्ह अजून मिळतो. ट्रान्सफॉर्मर मात्र पुन्हा गुंडाळून घ्यावा लागतो.

म्हणून हा कंडेन्सर तपासत बसू नका, सरळ बदला. बहुतेक सेटमध्ये तो ०.०१ मायक्रोफॅरडचा असतो. ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर लावा. दिसणं जपायचं असेल तर जुनी नळी हेअर ड्रायरने कोमट करा, आतला गाभा ढकलून काढा, नवा आत बसवा आणि तेच मेण वरून ओता. फिल्टरचे, म्हणजे डीसी सपाट करणारे, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरही फुगलेले किंवा सुकलेले असतातच. तिथे ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे चालतात. एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे रेक्टिफायर, ईझेड ८० असेल तर पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नका, रेक्टिफायरवर ताण येतो.

वीज देण्याआधी मीटर ओमवर ठेवून ईएल ८४ या आउटपुट व्हॉल्व्हची ७ नंबरची पिन आणि एचटी (सेटमधली उच्च व्होल्टची डीसी लाइन) यांच्यामध्ये बघा. काही शे ओम आले तर ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे. पिना खालून बघताना, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने मोजायच्या. मागचा व्होल्टेज सिलेक्टर सगळ्यात वरच्या, बहुधा २४५च्या, खुणेवर आणा. मग ६० वॉटचा फिलामेंटचा बल्ब सीरिजमध्ये लावून सेट चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

सगळं नीट वाटलं की बल्ब काढा. आता ईएल ८४च्या पिन २वर जवळपास शून्य व्होल्ट हवा. पिन ३वर साधारण ७ व्होल्ट हवेत. तिथला रेझिस्टर १५० ओमचा असेल तर ७ भागिले १५०, म्हणजे ४७ मिलिअँपिअर करंट, योग्य आहे. ११-१२ व्होल्ट दिसले तर ताबडतोब बंद करा. बंद केल्यावरही हात घालण्याआधी १० किलोओम, ५ वॉटचा रेझिस्टर फिल्टरवर काही सेकंद धरून चार्ज उतरवा आणि मीटरने खात्री करा.

व्हॉल्व्हची नावं 'यू'ने सुरू होत असतील (यूसीएच ८१, यूएल ८४) तर तो एसी-डीसी सेट. त्याची चॅसी (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असते, त्यामुळे नॉबच्या स्क्रूलाही शॉक लागतो. सेटला मेन्सपासून वेगळा ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय तो उघडून चालवूच नये.

विकत घेताना आवाजाआधी डायलची काच बघा. आवाज परत आणता येतो, काच नाही. अक्षरं काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात आणि ओल्या फडक्याच्या एका फटक्यात स्टेशनांची नावं पुसली जातात. पुढून कापसाने पुसा. मागून फक्त मऊ, कोरडा ब्रश, तोही अक्षरं सोडून.