निगेटिव्हवरून काढलेला अंधार

आज राजारामपुरीत मित्राच्या घरी १९६८ चा झोंबींचा भयपट 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' ब्ल्यू-रेवर बघितला, मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून, म्हणजे शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यात असलेल्या फिल्मवरून, केलेलं ४के रिस्टोरेशन (जुना पिक्चर साफ करून बारीक तपशिलासकट परत उभा करणं), लई भारी काम केलंय! पिक्चरचं नाव बदलताना टायटलवरची कॉपीराइटची ओळच राहून गेली आणि तो पब्लिक डोमेनमध्ये गेला, म्हणजे कुणाचाच हक्क राहिला नाही, मग कुणीही कसल्याही प्रिंटवरून कॉप्या काढत सुटलं, कॉलेजात आम्ही तसलीच धुरकट सीडी बघितलेली, अंधारात नुसता चिखल दिसायचा. आज खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्यांच्या रेषासुद्धा दिसल्या. आणि ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे बारीक दाणे, पुसलेला नाही, हे मला सगळ्यात आवडलं, चेहरे मेणासारखे होत नाहीत. आवाज मोनोच, म्हणजे एकाच चॅनेलचा, तसाच पाहिजे. तळघराच्या सीनला काकू चहा घेऊन आल्या आणि ट्रे हातात धरूनच बघत राहिल्या.