गाणे लावले कोणी?

परवा दुपारी काही केल्या डोळा लागेना, म्हणून मी फोनवर रेडिओ गार्डन उघडले. त्यात पृथ्वीचा गोल हिरव्या ठिपक्यांनी भरलेला दिसतो. तो बोटाने फिरवावा आणि ज्या ठिपक्यावर थांबेल तिथल्या रेडिओ स्टेशनवर त्या क्षणी जे चालू असेल ते ऐकावे, एवढाच तो खेळ. मोठ्या शहरांवरचे ठिपक्यांचे पुंजके मी ओलांडून जातो, कारण तिथे काय कानी पडणार ते न ऐकताही सांगता येते. अमेरिकेच्या मध्यावर ठिपके विरळ होत जातात, तिथल्या कुठल्याशा लहान गावावर बोट स्थिरावले. स्टील गिटारच्या साथीने एक रडवेले गाणे चालले होते. ते संपले, एका भारदस्त आवाजाने स्टेशनचे नाव सांगितले आणि लगेच तसेच दुसरे गाणे सुरू झाले. मी घड्याळाकडे पाहिले. माझ्याकडे अडीच वाजले होते, म्हणजे तिथे रात्रीचे तीन. मग हे गाणे लावले कोणी?

लहानपणी या प्रश्नाचे माझ्याकडे पक्के उत्तर होते. रेडिओत गाणारी माणसे बसलेली नसतात हे मला फार लवकर कळले होते. परंतु प्रत्येक गाण्याआधी कोणीतरी खुर्चीवरून उठतो, कपाटापुढे उभा राहून विचार करतो आणि एक तबकडी काढतो, अशी माझी समजूत होती. गाणे अर्ध्यावर बंद केले तर त्या माणसाला वाईट वाटेल, म्हणून ते संपेपर्यंत मी बटनाला हात लावत नसे. आई दारात उभी राहून हाका मारी आणि मी पायात चप्पल घालून, बोट बटनावर ठेवून, शेवटचे कडवे संपण्याची वाट पाहत असे. ती समजूत केव्हाच गेली, पण खोड गेली नाही. आजही कुलूप हातात घेऊन मी उंबरठ्यावर ताटकळतो.

तो कपाटापुढचा माणूस अमेरिकेत फार पूर्वीच बाजूला झाला. ओमाहा शहरात १९५० च्या सुमारास टॉड स्टॉर्झ नावाच्या स्टेशनमालकाच्या ध्यानात आले, की नाणे टाकून गाणी ऐकवणाऱ्या ज्यूकबॉक्सवर लोक तीच ती मोजकी गाणी पुन्हापुन्हा लावतात. असे सांगतात, की दिवसभर तीच गाणी ऐकून कान किटलेल्या वेट्रेसनेसुद्धा गिऱ्हाईक पांगल्यावर स्वतःच्या खिशातले नाणे टाकून त्यांतलेच एक लावले. ही गोष्ट खरी असो वा रचलेली, त्या वेट्रेसचे मन मला कळते. यातूनच थोडीच गाणी आलटून पालटून वाजवण्याची टॉप फॉर्टीची पद्धत रुळली. पुढे कागदावर घड्याळाची तबकडी काढून तासातल्या कोणत्या मिनिटाला नवे गाणे, कोणत्या मिनिटाला जुने आणि कुठे जाहिरात, हे आखून ठेवण्याची रीत पडली. गाण्यांची कुळेही ठरली: तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या लोकगीतांच्या वळणाची कंट्री, रॉक, ओल्डीज आणि धड तरुण नाहीत, धड म्हातारे नाहीत अशांसाठी ॲडल्ट कंटेंपररी. एका स्टेशनने एका कुळाशी लग्न लावायचे, याला फॉरमॅट म्हणतात.

महानगरात स्टेशने डझनांनी असतात, म्हणून प्रत्येकाला श्रोत्यांची एक बारीक फोड पुरते. लहान गावात तेवढ्याशा फोडीवर विजेचे बिलही भागत नाही. शिवाय अगदी लहान गावांत श्रोते मोजायला कोणी फिरकत नाही. तेव्हा गावाला काय आवडते हे मालकाने फोनवरच्या तक्रारींवरून आणि जाहिरात देणाऱ्या मोटारविक्रेत्याच्या चेहऱ्यावरून ताडायचे. मग बहुतेकदा निवड कोणाला काय आवडते याची होत नाही, कोणाला काय खुपणार नाही याची होते, आणि पुष्कळ ठिकाणी ती कंट्रीवर येऊन थांबते. मला मात्र जी स्टेशने सकाळी धान्याचे भाव आणि निधनवार्ता देतात, दुपारी जुनी शिलाई यंत्रे विकू पाहणाऱ्यांचे फोन घेतात, संध्याकाळी शाळेच्या सामन्याचे धावते वर्णन करतात आणि उरलेल्या फटींत हाताला येईल ते गाणे वाजवतात, ती फार आवडतात. त्यांना फॉरमॅट नाही असे जाणकार म्हणतील. म्हणोत.

अशी स्टेशने टिकवणे अवघड झाले आहे. देशभरात एका मालकाकडे किती स्टेशने असावीत यावरची मर्यादा अमेरिकेने १९९६ च्या दूरसंचार कायद्याने उठवली. तेव्हापासून कंपन्यांनी गावोगावची स्टेशने घाऊक विकत घेतली आणि दूरच्या शहरात बसलेला एकच निवेदक आधी मुद्रित केलेल्या आवाजात अनेक गावांशी बोलू लागला. ज्या गावात त्याने कधी पाऊल ठेवलेले नाही, त्या गावाला तो आपुलकीने सुप्रभात म्हणतो.

नॉर्थ डकोटातल्या मायनॉट गावाजवळ १८ जानेवारी २००२ रोजी, रात्री दीडच्या पुढे, एक मालगाडी रुळांवरून घसरली. टाक्या फुटल्या आणि अमोनियाचा ढग वस्तीवर पसरला. गावातली सहाही व्यावसायिक स्टेशने एकाच कंपनीकडे होती. लोकांना सावध करण्यासाठी पोलिसांनी स्टेशनला फोन केले, पण फोनवर कोणी भेटेना. आपत्तीच्या इशाऱ्याची यंत्रणाही चालली नाही. एक माणूस दगावला आणि शेकडो लोकांना त्या वायूची बाधा झाली. चूक यंत्रणेची की माणसांची, यावर पुढे बराच वाद झाला.

मायनॉटमध्ये ती गाडी घसरली तेव्हा माझ्याकडे दुपारचा एक वाजून गेला असणार. फोनमधले ते दुसरे गाणे अजून चालूच होते. बंद करावेसे वाटत होते, पण शेवटचे कडवे राहिले होते.