संकष्टीचा चंद्र कुठे अडतो?

दर महिन्याला वद्य चतुर्थीच्या रात्री असंख्य मराठी घरांत एकच प्रश्न घुमत असतो, "उगवला का?" दिवसभर साबुदाणा आणि चहावर काढलेली मंडळी गच्चीत चढतात. कॅलेंडरात ९.१२ छापलेलं असतं, घड्याळात साडेनऊ वाजलेले असतात आणि समोर शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी सोडून काही दिसत नाही. मग 'कॅलेंडर चुकलं' असा निकाल लागतो आणि मोदक पुन्हा वाफेवर जातात. कॅलेंडर बहुधा बरोबर असतं. आपणच भलत्या दिशेला आणि भलत्या उंचीवर बघत असतो.

ती छापलेली वेळ कशाची? चंद्रबिंबाची वरची कड क्षितिजाशी येते त्या क्षणाची. आणि क्षितिज म्हणजे कसं, तर समुद्रावर असतं तसं मोकळं, सपाट. मुंबईला समुद्र आहे खरा, पण तो पश्चिमेला. तिथे चंद्र मावळतो. उगवायला त्याच्या वाट्याला टॉवर येतात. समजा साठ मीटरवर सात मजली इमारत आहे, उंची अंदाजे २१ मीटर. अंगणात उभं राहून पाहिलं तर तिचा माथा क्षितिजापासून १९ अंश वर येतो. आपल्या अक्षांशावर चंद्राला एक अंश चढायला सुमारे साडेचार मिनिटं लागतात. म्हणजे ९.१२ चा चंद्र त्या अंगणात साडेदहा वाजून गेल्यावर उतरणार. स्वतःच्या घरचा हिशेब करायला यंत्र लागत नाही. हात सरळ पुढे ताणून मूठ धरायची. ती मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते. समोरच्या अडथळ्याच्या माथ्यापर्यंत जितक्या मुठी, तितके पाऊण तास छापील वेळेत मिळवायचे. हे एकदा मोजून ठेवलं की वर्षभर पुरतं. निदान दिशा तीच असेपर्यंत, आणि दिशा काही तीच राहत नाही.

'चंद्र पूर्वेला उगवतो' हे शाळेपुरतं ठीक आहे. अगदी पूर्वेला तो महिन्यातून दोनदाच उगवतो. बाकी दिवस ईशान्य ते आग्नेय असा येरझाऱ्या घालतो. संकष्टीच्या चंद्राचं गणित मात्र ऋतूशी बांधलेलं आहे. आश्विन-कार्तिकातला वद्य चतुर्थीचा चंद्र ईशान्येकडे झुकून उगवतो, चैत्र-वैशाखातला आग्नेयेकडे. हा झुकाव पूर्वेपासून एका बाजूला तीस अंशांपर्यंत जातो, म्हणजे तीन मुठी. दिवाळीच्या आधी ज्या दोन इमारतींच्या फटीतून चंद्र सापडला, त्याच फटीकडे एप्रिलमध्ये डोळे लावून बसलात तर उपास लांबणारच.

हे तीस अंशही कायमचे नाहीत. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वाटेशी, पाच अंशांहून थोडी जास्त कललेली आहे. ही दोन वर्तुळं जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. अमृत चोरून प्यायल्यामुळे धडावेगळ्या झालेल्या दैत्याचं शिर आणि धड, असं पुराण सांगतं. गणितात त्यांना देह नाही, नुसती जागा आहे, आणि ती जागा उलटी सरकत १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करते. पत्रिकेवाले 'राहू दीड वर्ष एका राशीत' म्हणतात तो हाच हिशेब. या फेरीत एकदा चंद्राचा उत्तर-दक्षिण पल्ला सगळ्यात लांब होतो, तसा तो २०२४-२५ मध्ये झाला होता. नऊ-सव्वानऊ वर्षांनी तो आखडतो, आणि मग हेच तीस अंश वीसच्या खाली येतात.

वेळेचंही तसंच. संकष्टीचा चंद्र सूर्यास्तानंतर अडीच-तीन तासांनी उगवतो हा ढोबळ नियम. पण मुंबईत आश्विनाच्या संकष्टीला तो साडेआठच्या आसपास येतो आणि चैत्राच्या संकष्टीला दहा वाजून जातात. २०२४ च्या एप्रिलमध्ये सव्वादहा उलटले होते. उन्हाळ्यात सूर्य उशिरा मावळतो हे एक कारण. दुसरं असं की चंद्र दक्षिणेला असला की क्षितिजावर यायलाच त्याला उशीर होतो, उत्तरेला असला की तो लवकर डोकावतो. पोरांना झोप आवरत नाही ती नेमकी वैशाखात, त्यात कुणाचाही दोष नाही.

गावागणिक फरक तर सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो किती, याचा अंदाज सहसा नसतो. पूर्वेकडे एक रेखांश सरकलं की चार मिनिटं आधी. मुंबई ७२.९, नागपूर ७९.१ रेखांशावर, म्हणजे नागपूरकरांचं पान मुंबईकरांपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटं आधी वाढलं जातं. सोलापूर बारा मिनिटं आधी, पुणे चार. भिंतीवरच्या कॅलेंडरात ठळक छापलेली वेळ बहुधा मुंबईची असते आणि बाकीची गावं बारीक टायपात. चष्मा शोधण्याचे कष्ट घ्यावेत. गोव्याची गंमत वेगळी आहे. पणजी मुंबईच्या किंचित पूर्वेला, तेव्हा तिथे चंद्र चार मिनिटं आधी यायला हवा. पण पणजी साडेतीन अंश दक्षिणेलाही आहे. चंद्र उत्तरेकडून उगवत असेल तेव्हा हा दक्षिणेचा तोटा रेखांशाच्या फायद्यावर मात करतो आणि आश्विनात मुंबईचा चंद्र पणजीच्या दोन-चार मिनिटं आधी वर येतो. चैत्रात दोन्ही कारणं एकाच बाजूला पडतात आणि पणजी दहा मिनिटं पुढे निघते.

दोन पंचांगांत तीन-चार मिनिटांचा फरक दिसला तर भांडू नये, कारण विचारावं. सूर्य इतका लांब आहे की पृथ्वीच्या मध्यावरून पाहा नाहीतर गच्चीतून, फरक पडत नाही. चंद्र मात्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट अंतरावर, म्हणजे सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. त्यामुळे क्षितिजावर तो आपल्याला जवळजवळ एक अंश खाली दिसतो. याला लंबन म्हणतात. उलट हवेतलं वक्रीभवन त्याला अर्ध्या अंशाहून थोडं वर उचलतं. वक्रीभवन धरलं आणि लंबन विसरलं तर चंद्रोदय सुमारे चार मिनिटं लवकर छापला जातो. बिंबाचा मध्य धरायचा की वरची कड, यात आणखी मिनिटभर जातं. आणि संकष्टीला ती वरची कड असते काळोखी! वद्य चतुर्थीचा चंद्र ८३ ते ९० टक्के उजळलेला असतो आणि उगवताना त्याचा कापलेला भाग वरच्या अंगाला असतो. गणित चंद्राच्या कलेचा विचार करत नाही, अख्खं बिंब धरतं. नुकसान पंधरा-वीस सेकंदांचं. त्यापेक्षा उन्हाळ्यातली धूळ महाग पडते; क्षितिजालगतचे दोन-तीन अंश ती गिळते आणि दहा मिनिटं सहज जातात.

आता नेहमीचा घोळ. कॅलेंडरच्या चौकोनात 'तृतीया' आणि खाली 'संकष्ट चतुर्थी', हे कसं? चौकोनातली तिथी सूर्योदयाची असते. संकष्टीला सूर्योदयाशी देणंघेणं नाही. चंद्रोदयाला चतुर्थी हवी. सूर्यापासून चंद्र २१६ अंशांवर पोचला की वद्य चतुर्थी लागते, २२८ ला संपते. हे बारा अंश तोडायला चंद्राला कधी वीस तास लागतात तर कधी जवळजवळ सत्तावीस, कारण पृथ्वीजवळ असताना तो पळतो, लांब असताना रेंगाळतो. जुनं गणित याला 'बाणवृद्धी रसक्षय' म्हणे, म्हणजे साठ घटिकांत (घटिका म्हणजे २४ मिनिटं) फार तर पाच वाढ किंवा सहा घट. प्रत्यक्ष आकाश पाहिलं तर ती सात आणि दहापर्यंत जाते. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्र्यांसारख्या गणितज्ञांनी दृक्प्रत्ययाचा, म्हणजे गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळलंच पाहिजे असा, आग्रह धरला तो अशाच फरकांपायी. दोन्ही दिवशी चंद्रोदयाला चतुर्थी सापडली तर पहिला दिवस घ्यावा, एकाही दिवशी नसली तर दुसरा, हा निर्णय पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 'धर्मसिंधू' या व्रतांचे नियम सांगणाऱ्या ग्रंथात देऊन ठेवला आहे. वाद घालायला जागाच ठेवली नाही त्यांनी.

ज्या चंद्रासाठी वद्य चतुर्थीला एवढी धावाधाव, त्याच्याकडे भाद्रपद शुद्ध चतुर्थीला बघायचं नाही. गणपतीला हसला म्हणून त्याला शाप मिळाला, आणि तो दिसला म्हणून श्रीकृष्णावर स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ आला. या दिवशी कॅलेंडरात बघायचा तो चंद्रास्त. तो नऊच्या आगेमागे असतो आणि चंद्र पश्चिमेला असतो, म्हणजे संध्याकाळच्या आरतीला बाहेर पडणाऱ्याच्या अगदी समोर. समुद्राकाठी मुंबईकरांनी जपावं. इथे टॉवर उपयोगी पडत नाहीत.

आश्विनाच्या संकष्टीला जेवणाआधी दोन मिनिटं जास्त थांबावं. पौर्णिमेचा चंद्र अश्विनी नक्षत्राजवळ असतो म्हणून तो आश्विन. पुढे रोज एक नक्षत्र ओलांडत चतुर्थीला तो कृत्तिका-रोहिणीच्या भागात पोचतो. बिंबाजवळ तांबूस ठिपका दिसला तर ती रोहिणी. दक्षाच्या सत्तावीस मुलींपैकी हिच्याचकडे चंद्र रमला, सासऱ्याने क्षयाचा शाप दिला आणि प्रभासला, आजच्या सोमनाथला, त्याला अर्धामुर्धा उःशाप मिळाला अशी कथा आहे. हजेरीपत्रक मात्र निराळं सांगतं. चंद्र रोहिणीकडेही सरासरी एक दिवसच मुक्काम करतो. काही वर्षं तो तिला चक्क झाकून टाकतो, २०१५ ते २०१८ मध्ये दर महिन्याला झाकत होता. पण मधली पंधराएक वर्षं तो तिच्या उत्तरेकडून निघून जातो.

परदेशातल्यांनी पुण्याहून आलेला व्हॉट्सअॅप मेसेज प्रमाण मानू नये. लंडनला आश्विनातला संकष्टीचा चंद्र संध्याकाळी सातच्या आत उगवू शकतो आणि चैत्रातला मध्यरात्र उलटल्यावर. मुंबईत दोन तासांचा असलेला फरक तिथे सहा तासांवर जातो. अमेरिकेत तर संकष्टीच एक दिवस अलीकडे येऊ शकते, कारण मुंबईत चंद्र उगवतो तेव्हा न्यूयॉर्कला सकाळ असते आणि चतुर्थी त्यांच्या आदल्या रात्रीच लागून गेलेली असू शकते. अॅपमध्ये आधी आपलं शहर निवडायचं, मग त्या शहराच्या चंद्रोदयाला कोणती तिथी आहे ते बघायचं. आषाढ-श्रावणात ढग असले तर त्या वेळेला पूर्वेकडे तोंड करून ताम्हनात अर्घ्य सोडतात आणि पानं घेतात.