क आणि क़

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अलास्कातल्या कोडिॲक बेटावर राहायला आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात मी तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे अलुतीक़ लोकांच्या, भाषावर्गात नाव नोंदवले. ज्यांच्या भूमीवर आपण राहतो त्यांना त्यांच्या भाषेत निदान नमस्कार तरी करता यावा, एवढीच माझी इच्छा होती. ‘चमाई’ हा नमस्कार मला लगेच जमला. ‘क़ुयाना’, म्हणजे आभार, मात्र पुष्कळ दिवस जमला नाही.

या शब्दातला क़ आपल्या क च्याही मागे, थेट पडजिभेपाशी उच्चारतात. मी साधा क म्हणत असे आणि एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे मला वाटे. तेव्हा शिकवणाऱ्या आजींनी फळ्यावर एक होडी काढून ‘क़यक़’ म्हटले, शेजारी दुसरी काढून ‘क़यक’ म्हटले आणि तिसरी काढून ‘क़यत’. संस्कृतातले जे द्विवचन मराठीने केव्हाच सोडले, ते इथे नित्याच्या बोलण्यात होते, आणि एक होडी की दोन हे केवळ शेवटच्या क वरून ठरत होते. भाषेच्या नावातही तेच आहे: अलुतीक़ म्हणजे एक माणूस, अलुतीक म्हणजे दोघे.

त्यानंतर मी रोज स्वयंपाक करताना ज्येष्ठांची ध्वनिमुद्रणे ऐकू लागले. 1995 साली सुरू झालेल्या इथल्या अलुतीक़ संग्रहालयाने या भाषेसाठी केलेले काम मला फार मोलाचे वाटते, कारण ही भाषा आईच्या तोंडून शिकलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. 1784 मध्ये रशियन व्यापाऱ्यांनी शस्त्रांच्या बळावर हे बेट घेतले, 1867 मध्ये अलास्का अमेरिकेला विकला गेला आणि पुढे शाळांमधून मुलांना स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होऊ लागली. आजींनाही लहानपणी ती झाली होती. त्यांनी ते एकदाच, अगदी हळू आवाजात सांगितले आणि पुढचा शब्द घेतला. तो होता ‘चायुक़’, रशियनमधून आलेला चहा. तो ऐकताच मला घरचा वास आला.

मार्चमधल्या एका संध्याकाळी आजींनी माझ्यापुढे कप ठेवला. मी ‘क़ुयाना’ म्हणाले. त्यांनी मान वर करून पाहिले, पुन्हा म्हणायला लावले आणि मग शेजारच्या बाईंनाही ऐकायला बोलावले.