बेळगावात पहिली नायट्रो गाडी: आधी इंधनाचं बघा

नायट्रो गाडी म्हणजे रिमोटवर पळणारी, छोट्या खऱ्या इंजिनाची गाडी. त्यात बसकी बगी घ्यावी की उंच, मोठ्या चाकांचा मॉन्स्टर ट्रक, यावर डोकं खपवण्याआधी एक लिटर नायट्रो इंधन बेळगावला कसं येणार ते ठरवा. मी उलटं केलं. गाडी चार दिवसांत आली, इंधनाला एकोणीस दिवस लागले, आणि तो राग अजून गेलेला नाही.

हे इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल, ज्वलनशील द्रव. टपाल खातं घेत नाही, विमानानं जाणारं कुरिअर घेत नाही. रेल्वेतून पिशवीत घालून आणायचा विचारही नको, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली तो गुन्हा आहे. राहतो रस्त्यानं जाणारा ट्रान्सपोर्ट. माझा डबा त्यांच्याच गोदामात अडकला, कारण बिलावर नुसतं 'हॉबी फ्युएल' लिहिलं होतं. काउंटरवर आधी सेफ्टी डेटा शीट (रसायनाचे धोके सांगणारा कागद) मागितली. ती नेऊन दिली, तर ई-वे बिल (जीएसटीखालचा माल वाहतुकीचा कागद). मग जीएसटी नंबर. प्रत्येक मागणी नव्या दिवशी! तिन्ही गोष्टी पहिल्याच खेपेला सांगायला काय हरकत होती? शिवाय ५०,००० रुपयांच्या आतल्या अशा मालाला ई-वे बिल लागत नाही, आणि स्वतःच्या वापरासाठी घेणाऱ्याकडं जीएसटी नंबर असायचं कारणच नाही. नियमाचा कागद छापून पुढ्यात ठेवला तेव्हा डबा सुटला.

म्हणून ऑर्डर देतानाच विक्रेत्याला सांगा: डेटा शीट बिलालाच जोडा, बिलावर घटक आणि नायट्रोचा टक्का लिहा (नवख्याला २० टक्के पुरे), 'वैयक्तिक वापर' लिहा, खोक्यावर ज्वलनशीलचं लाल लेबल आणि वरची बाजू दाखवणारे बाण लावा. झाकणाखाली सील आहे ना, तेही विचारा.

वाट बघून कंटाळलात तरी पेट्रोल घालू नका. इंजिनात इंधन पेटवणाऱ्या ग्लो प्लगची प्लॅटिनमची तार मिथेनॉलमुळं लाल राहते, पेट्रोलनं राहत नाही; आणि तेल नसल्यामुळं पिस्टन स्लीव्हला, म्हणजे तो ज्या नळीत हलतो तिला, खरवडतो. घरी मिश्रण तर मुळीच नको. मिथेनॉल कातडीतूनही अंगात जातं आणि डोळे घालवतं.

आता गाड्या. १/१० च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाच्या, गाडीच्या टाकीत साधारण ७५ सीसी मावतं, म्हणजे लिटरला तेरा टाक्या. १/८ बगीत १२५ सीसी, आठ टाक्या. ट्रगी (बगी आणि ट्रकच्या मधली) आणि मोठ्या मॉन्स्टर ट्रकमध्ये १५० सीसीपर्यंत, जेमतेम साडेसहा. रन-इनलाच, म्हणजे नवं इंजिन हळूहळू रुळवायलाच, पाच-सहा टाक्या जातात, तेव्हा मोठ्या गाडीचा पहिला लिटर तिथंच संपतो आणि तुम्ही परत त्याच काउंटरवर.

चालवायला बगी सगळ्यांत गोड, बसकी असल्यानं वळणात उलटत नाही. पण खानापूरकडच्या जांभ्या खड्यांत तिचं पोट घासतं, आणि रेसच्या बगीला इंजिन सुरू करायचा स्टार्टर बॉक्स वेगळा घ्यावा लागतो. ट्रगी रुंद आणि स्थिर, टायर मात्र महाग. स्टेडियम ट्रक मागच्या दोन चाकांवर चालतो, भाग कमी, दुरुस्ती सोपी. भुसभुशीत मातीत शेपूट फिरवतो. माझं मत स्पष्ट आहे: पहिली गाडी १/१० चा चारचाकी ओढीचा मॉन्स्टर ट्रक, दोरीच्या स्टार्टरचा. उलटतो खरा, पण खड्डे-ढेकळं पार करतो. गोकाक-अथणीच्या काळ्या रानात फक्त उन्हाळ्यात न्या, ओली माती चाकांत गच्च बसली की क्लच जळतो.

लाल धूळ इंजिन खाते. हवेच्या फिल्टरच्या फोमला फिल्टर ऑइल लावा आणि दोन-तीन टाक्यांनी धुवा. पावसाळ्यात डब्याचं झाकण उघडं टाकू नका, मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं.

रन-इनची पहिली टाकी चाकं वर उचलून, आयडलवर, हाय-स्पीड सुई (वेगात इंधन किती जावं ते ठरवणारा स्क्रू) मोकळी ठेवून जाळा; निळसर धूर दिसलाच पाहिजे. इंजिन ९५-१०० अंश सेल्सिअसला आलं की बंद करा आणि पिस्टन तळाला आणून थंड होऊ द्या. स्लीव्ह वर निमुळती असते, पिस्टन वर राहिला तर तिथंच आवळला जातो. तळ कुठं येतो ते कळायला फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या फिरत्या चकतीवर) मार्करची एक रेघ ओढून ठेवा.

डबा यायच्या आधी करून घेण्यासारखं एक काम आहे, फेलसेफ, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटला तर गाडी थांबवणारी सोय, तपासणं. रिमोट बंद केल्यावर थ्रॉटलचा सर्वो (थ्रॉटल आणि ब्रेक हलवणारी छोटी मोटर) ब्रेककडं गेला पाहिजे. न गेल्यास इंजिन सुरूच करू नका.