खाली वाकून बघायचं राहिलं

जुनी गाडी घेताना मी काय काय बघितलं, ते मला अजून तोंडपाठ आहे. टायरची नक्षी बघितली. इंजिन थंड असताना चालू करायला लावून धुराचा रंग बघितला. डिपस्टिक ओढून तेल बघितलं, क्लच कुठे पकडतो ते बघितलं, चारही काचा वरखाली केल्या, हॉर्न तर उगाचच तीनदा वाजवला. मीटरवरचे किलोमीटर आणि पेडलच्या रबराची झीज एकमेकांशी जुळतात का, हेसुद्धा बघितलं. डीलर कौतुकानं म्हणाला, "मॅडम, तुम्हाला गाड्यांतलं कळतं." मी फुगले.

खाली वाकून बघायचं तेवढं राहिलं. गाडी नुकतीच धुऊन उभी केली होती, खालची फरशी ओली होती आणि मी चांगले कपडे घालून गेले होते. याहून मोठं कारण नाही.

तीन महिन्यांनी मागचं चाक पंक्चर झालं. स्टेपनी काढली, पुस्तकात दाखवलेल्या खाचेखाली जॅक लावला आणि फिरवू लागले. जॅक वर येत होता, गाडी मात्र जागची हलत नव्हती. वाळक्या पाचोळ्यावर पाय पडल्यासारखा आवाज झाला. मग वाकले. जॅकचं डोकं गाडीच्या पत्र्यात शिरलं होतं आणि खाली जमिनीवर तपकिरी भुगा पडला होता. त्यातली एक खपली उचलली. जुन्या भिजलेल्या वहीसारखे एकावर एक पापुद्रे होते, आणि चिमटीत धरताच त्याची पूड झाली.

गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर चढली. मेकॅनिकनं स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या मुठीनं दाराखालची पट्टी ठोकत पुढून मागे गेला. टण, टण, टण, भद्द. भद्द वाजलं तिथे थांबून त्यानं स्क्रूड्रायव्हर सुलटा केला आणि हलकेच टोचला. पातं मुठीपर्यंत आत गेलं.

"ताई, गाडी कुणी बघून घेतली?"

"मीच."

भला माणूस. पुढे काही बोलला नाही, स्क्रूड्रायव्हर फडक्याला पुसत राहिला. मग पातळ पत्रीनं त्यानं खालचा काळा लेप खरवडायला घेतला. लेप सालीसारखा सुटून आला आणि त्याच्या आतल्या बाजूला गंजाचा थर जसाच्या तसा चिकटलेला होता. "गंज आधीचा, रंग नंतरचा," तो म्हणाला. दाराच्या खालच्या कडेला त्यानं लोहचुंबक लावलं, तर ते घसरून खाली पडलं. तिथे पत्रा उरलाच नव्हता, लांबी म्हणजे पुट्टी भरून वरून रंग मारला होता. ज्या दाराची चकाकी बघून मी मान डोलावली होती, तेच ते दार.

लोखंडाचं हे असं का होतं, यावर त्या रात्री मी बरंच वाचलं. पैसे गेल्यावर माणसाला ज्ञानाची फार ओढ लागते. लोखंड खाणीतून निघतं तेव्हा बहुतेक ऑक्साइडच असतं. आपण भट्टी पेटवून त्याच्यातला ऑक्सिजन हिसकावून घेतो, आणि पाण्याची संगत मिळाली की ते तो परत मिळवायच्या मागे लागतं. पाण्यात मीठ असलं तर अधिकच घाईनं. अॅल्युमिनियमवरही ऑक्साइड धरतो, पण तो अंगाला घट्ट बसतो आणि आतल्या धातूला झाकतो. गंज भुसभुशीत असतो, सुटत राहतो, आतलं नवं लोखंड उघडं करत राहतो. शिवाय ज्या लोखंडाचा तो झाला त्याच्या दुपटीहून जास्त जागा त्याला लागते, म्हणून रंगाखाली फोड येतात. रंगावर बारीकसा फुगवटा दिसेपर्यंत आत बरंच काही उरकलेलं असतं. आणि गाडीचा पत्रा असतो तरी केवढा? एक मिलिमीटरसुद्धा नसतो बहुतेक ठिकाणी.

पाणी कुठून शिरलं तेही कळलं. काचेवरून ओघळलेलं पाणी दारात उतरतं, ते जायला दाराच्या तळाशी बारीक भोकं ठेवलेली असतात. दाराखालच्या पोकळ पट्टीलाही असतात. त्यांत पानांचा चुरा नि माती बसली की पट्टीची पन्हळ होते आणि पाणी आतल्या आत साचून राहतं. पहिल्या दिवसापासून गाडीत एक कुबट वास होता. मी तो एसीच्या माथी मारला होता. आरशाला डीलरनं सेंटची बाटली टांगून दिली होती. भेट म्हणून, असं मला वाटलं होतं.

मी डीलरला फोन केला. तो म्हणाला, जुनी गाडी म्हटल्यावर थोडाफार गंज असायचाच. मी म्हटलं, थोडाफार नाही, आरपार आहे. तो म्हणाला, कागदावर "जशी आहे तशी" लिहिलंय आणि तुमची सही आहे. सही होती. माझी सही फार सुंदर आहे, असं सगळे म्हणतात.

पण खरं सांगायचं तर मला डीलरपेक्षा जास्त छळलं त्या काळ्या लेपात अडकलेल्या ब्रशच्या एका केसानं. आखूड, जाड, टोकाशी वाकलेला. गंज कुणी लावत नाही, तो लागतो. हा केस मात्र कुणाच्या तरी हातातल्या ब्रशचा होता. कुणीतरी गाडीखाली पाठीवर झोपलं होतं, मी बघितलं नाही ते त्यानं नीट बघितलं होतं, आणि मग डबा उघडला होता. हात सफाईदार होता, कुठे ओघळ नाही, एक कोपरा सुटलेला नाही. कदाचित त्यालाही "मार काळा" एवढंच सांगितलं असेल.

आयफेल टॉवर 1889 साली उभा राहिला, तोही लोखंडाचाच. त्याला साधारण दर सात वर्षांनी रंग देतात, एका वेळी जवळपास साठ टन. म्हणजे रंगावर माझा राग असायचं काही कारण नाही. फक्त तिथे आधी गंज खरवडतात.

माझ्या गाडीचंही तेच करावं लागलं. सडलेला पत्रा कापून काढला, नवा कापून वेल्डिंग केला, सांधे सीलरनं भरले, जस्ताचा प्रायमर मारला, पट्टीच्या पोकळीत मेण फवारलं. चार दिवस गेले आणि किती पैसे गेले ते घरी अजून पूर्ण सांगितलेलं नाही. शेवटी मेकॅनिकनं विचारलं, "ताई, वरून काळा मारून टाकू?"

मी नाही म्हणणार होते. पण मारायला तर हवाच होता, उघडं ठेवून चालणार नव्हतं. त्यानं मारला. गाडी रॅम्पवरून उतरवायच्या आधी मी खाली जाऊन मान वर करून बघितलं. सलग, गुळगुळीत, काळं. आधी होतं तस्संच.

आता फोनमध्ये तेवीस फोटो आहेत: भोक, भुगा, कापलेला पत्रा, वेल्डिंग, प्रायमर, सगळं क्रमानं. पुढेमागे ही गाडी विकायला काढली तर घेणाऱ्याला ते आपणहून दाखवायचे, असं ठरवलंय. आज तरी ठरवलंय.